समोर शहाणा, पाठ वळली की कोंबड्यांमागे: हे पुन्हा पुन्हा का होतं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. पट्ट्याला असताना कुत्रा कोंबड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. 'नाही' म्हटलं की मागे फिरतो, शेजारी बसवला तर बसतो. असे काही दिवस गेले की घरातल्यांना वाटतं, लागलं वळण. मग कोणीतरी दोन मिनिटं आत जातं आणि परसातून एकदम कलकलाट ऐकू येतो. एक कोंबडी कुंपणाच्या कोपऱ्यात दडपलेली, जमिनीवर पिसं, आणि कुत्रा शेपूट हलवत उभा. पुन्हा रागावणं, पुन्हा बांधून ठेवणं, पुन्हा काही दिवस शांतता, आणि पुन्हा तेच.

या चक्रात अडकलेल्यांना आधी एक सांगायला हवं. कुत्रा शिकवलेलं विसरलेला नाही. त्याच्या डोक्यात दोन नियम नीट बसलेले आहेत: माणूस जवळ असेल तर कोंबडीच्या वाटेला जायचं नाही, आणि माणूस नसेल तर जायचं. पहिला नियम तुम्ही शिकवलात. दुसरा त्या दोन मिनिटांनी शिकवला, आणि तो जास्त पक्का बसला, कारण त्यात मिळालेलं बक्षीस तुमच्या हातातल्या कुठल्याही खाऊपेक्षा मोठं होतं. म्हणून हा प्रश्न आज्ञा पाळण्याचा कमी आणि संधीचा जास्त आहे. संधी बंद न करता शिकवत राहणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

पाठलाग हेच बक्षीस

शिकार ही एकच कृती नसते, ती कृतींची साखळी असते. चाहूल घेणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा, मग फाडणं आणि खाणं. कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने ही साखळी मांडली आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत वेगवेगळ्या जातींमध्ये तिचे वेगवेगळे दुवे कसे ठळक केले किंवा दाबून टाकले, हे दाखवलं. बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं, दबा धरणं आणि पाठलाग हे दुवे धारदार आहेत, पकड आणि चावा दाबलेला. लॅब्रॅडॉरमध्ये तोंडात उचलून आणणं ठळक. टेरियर तर उंदीर-घुशी मारण्यासाठीच तयार केले गेले, त्यामुळे पकडून झटका देणं त्यांच्या अंगातच आहे. ग्रेहाउंडसारख्या नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यासमोर काही पळालं की तो सुटतोच. मारेमा, ग्रेट पायरेनीज, कंगाल अशा कळप राखणाऱ्या कुत्र्यांत मात्र ही सगळीच साखळी मंद असते. मिश्र वंशाच्या कुत्र्यात यातलं काय उतरलं आहे, ते त्याला बघूनच कळतं.

जात माहीत असणं उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नये. शांत म्हणून नावाजलेल्या जातीच्या कुत्र्यानेही कोंबडी मारलेली असते आणि टेरियरही वर्षानुवर्षं कोंबड्यांमध्ये नीट राहिलेला असतो.

साखळीचा प्रत्येक दुवा कुत्र्याला स्वतंत्रपणे आनंद देतो. पुढचा दुवा घडलाच पाहिजे असं नाही. नुसतं पळवलं, पकडलं नाही, तरी त्याची कमाई झाली. म्हणूनच भरपेट खायला घालून काही फरक पडत नाही. पाठलागाचा भुकेशी संबंध फार थोडा आहे. आणि म्हणूनच 'तो फक्त पळवतो, धरत नाही' हे समाधान खोटं आहे. एकदा कोंबडी मारलेल्या कुत्र्याला रक्ताची चटक लागते असं सर्रास म्हणतात. असा कुत्रा पुढे अवघड जातो हे खरं, पण त्याला चव कारण नाही. साखळी शेवटपर्यंत पूर्ण झाली आणि तिचं पूर्ण बक्षीस मिळालं, हे कारण आहे.

आता 'पुन्हा पुन्हा' का, त्याचं उत्तर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली होती: दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या सवयीपेक्षा अधूनमधून, अवचित बक्षीस मिळणारी सवय मोडायला कितीतरी कठीण जाते. दहा वेळा कुत्र्याला अडवलं आणि अकराव्यांदा तो निसटला, तर त्याच्या हिशोबी दहा वेळा वाट बघण्याचं चीज झालं. तो आणखी चिकाटीने वाट बघायला शिकला. 'बहुतेक वेळा लक्ष ठेवतो' ही व्यवस्था म्हणूनच काहीच न करण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

आधी कुंपण, मग शिकवणी

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. मध्यम अंगाचा कुत्रा ती दातांनी किंवा पंजांनी फाडू शकतो. वेल्ड केलेली जाड तारेची जाळी लावा, निदान खालच्या चार फुटांत तरी. उंची कुत्र्याप्रमाणे, उडी मारणारा असेल तर सहा फूट धरून चाला. उकरणाऱ्या कुत्र्यासाठी जाळी खोल पुरण्यापेक्षा एक सोपा उपाय आहे: कुंपणाच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरायची, खुंट्या मारायच्या आणि वर माती टाकायची. कुत्रा नेमका कुंपणाला खेटून उकरतो आणि तिथे पंजाला जाळी लागते. दाराला नाकाने ढकलून उघडणार नाही अशी कडी हवी. शक्य असेल तर एकामागे एक दोन दारं ठेवा, म्हणजे एक उघडं असताना दुसरं बंद राहील. कोंबड्या कुंपणावरून उडून बाहेर येत असतील तर एकाच पंखाची लांब उड्डाणपिसं कातरता येतात. पूर्ण वाढलेलीच पिसं कातरायची. नव्या फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं.

एवढं करून बरेच लोक थांबतात आणि कुत्र्याला कुंपणाबाहेर मोकळं सोडतात. मग कुत्रा तासन्‌तास जाळीला नाक लावून उभा असतो, कोंबड्या इकडून तिकडे गेल्या की कुंपणाच्या कडेने पळतो. बघणाऱ्याला वाटतं, सवय होते आहे. प्रत्यक्षात तो साखळीचे पहिले दुवे दिवसभर घोकत असतो, आणि जाळी अडवते म्हणून आणखी पेटतो. कुंपणाच्या कडेने पायवाट पडली असेल, गवत झिजलं असेल, तर हेच चाललं आहे. कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत शेडनेट, गोणपाट किंवा फळ्या लावून नजर अडवा, आणि तुम्ही नसताना त्याला कुंपणापाशी जाताच येणार नाही अशी सोय करा. माझ्या मते बिघडलेली प्रकरणं या एका बदलाने जितकी सावरतात तितकी दुसऱ्या कशानेही सावरत नाहीत.

तोंड मिटलं की धोका

शिकवण्याआधी कुत्रा वाचता आला पाहिजे. भुंकणारा, उड्या मारणारा कुत्रा सगळ्यांच्या लक्षात येतो. खरा धोका गप्प झालेल्या कुत्र्यात असतो. आधी तोंड बघा. जीभ बाहेर काढून धापत असलेला कुत्रा एकदम तोंड मिटतो. धाप थांबते. कान पुढे येतात, कपाळाची कातडी ताणली जाते. शेपूट हलायची थांबते किंवा सरळ ताठ होते. अंगाचा भार पुढच्या पायांवर येतो, पाठ किंचित खाली जाते, एखादा पंजा हवेतच राहतो. डोळ्यांची पापणी लवत नाही. या अवस्थेत नाव घेतलं तर कान हलतसुद्धा नाही. यानंतर झेप घ्यायला त्याला एक सेकंद पुरतो.

निवांत कुत्रा अगदी वेगळा दिसतो. तो कोंबडीकडे बघतो आणि आपणहून नजर काढून घेतो. जमीन हुंगतो, अंग झटकतो, जांभई देतो, एका कुशीवर कंबर टाकून बसतो. नजर काढून घेणं ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि पुढची शिकवणी तिच्यावरच उभी आहे.

घाईच्या वेळी खाऊची परीक्षा उपयोगी पडते. एरवी आवडीने खाणारा कुत्रा कोंबड्या दिसल्यावर खाऊ घेत नसेल, किंवा हाताला दात लागतील इतक्या आवेगाने ओढत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. त्या अंतरावर तो काहीही शिकत नाही. मागे या.

शिकवणी

कोंबड्या समोर नसताना तीन गोष्टी पक्क्या हव्यात: नाव घेतलं की वळून बघणं, 'सोड' म्हटलं की समोरच्या वस्तूपासून मागे येणं, आणि ठरावीक चटईवर शांत बसून राहणं. या घरात जमल्या म्हणजे परसातही जमतीलच असं नाही. घरंगळणारा चेंडू, पळणारी मुलं अशा हलत्या गोष्टींसमोरही जमतात का बघा.

मग कोंबड्या. त्या जाळीच्या आत, कुत्र्याच्या अंगात हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवतीचा पट्टा, आणि त्याला पाच ते दहा मीटरची लांब दोरी. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका. वेगात सुटलेला कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला की सगळा हिसका मानेवर बसतो. दोरी हाताभोवती गुंडाळून धरू नका. ज्या अंतरावर कुत्र्याला कोंबड्या दिसतात पण तो खाऊही खातो, तिथून सुरुवात करा, मग ते अंतर परसाच्या दुसऱ्या टोकाएवढं असलं तरी चालेल.

कृती अगदी साधी आहे. कुत्र्याने कोंबडीकडे बघितलं की त्याच क्षणी एक ठरलेला शब्द उच्चारा, 'शाबास' किंवा 'हं', आणि खाऊ तुमच्या पायाजवळ द्या, म्हणजे तो घेण्यासाठी मान वळवावीच लागेल. बघितलं म्हणून बक्षीस देणं अनेकांना उलटं वाटतं. पण शब्द वेळेवर आला तर त्याची नजर रोखलीच जात नाही. बघणं आणि वळणं यांची जोडी तयार होते. काही दिवसांत तो कोंबडीकडे बघून स्वतःच तुमच्याकडे वळायला लागतो. ते वळणं दिसलं की खऱ्या अर्थाने काम सुरू झालं. तीन-चार मिनिटांचा एक धडा, दिवसातून दोन-तीनदा, आणि कुत्रा कंटाळण्याआधी थांबायचं. अर्धा तास ताणलेला धडा बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत बिघडतो.

पुढे जाताना एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर कमी केलंत तर वेळ कमी ठेवा. वेळ वाढवलात तर अंतर जुनंच ठेवा. आणि कोंबड्यांची हालचाल ही स्वतंत्र पायरी धरा. इथेच सर्वांत मोठी फट राहते. दाणे टिपणारी, धुळीत लोळणारी कोंबडी आणि पंख फडफडवत ओरडत पळणारी कोंबडी या कुत्र्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याची दृष्टी स्थिर वस्तूपेक्षा हलत्या वस्तूला चटकन पकडते, आणि फडफड व किंचाळी एकत्र आली की साखळीचा मधला दुवा आपोआप खेचला जातो. घरातल्यांनी महिनाभर शांत कोंबड्यांसमोर शिकवलेलं असतं. फडफडणारी कोंबडी कुत्रा पहिल्यांदा बघतो ती नेमकी कोणी जवळ नसताना.

म्हणून ती फडफड मुद्दाम शिकवणीत आणा. पुन्हा लांब जा. दुसऱ्या कोणाला तरी जाळीच्या आत मूठभर दाणे टाकायला सांगा, म्हणजे कोंबड्या धावत येतील. तेवढ्यात तुमचा शब्द आणि खाऊ. ते जमलं की सवयीची, माणसाळलेली एखादी कोंबडी उचलून खाली सोडायला सांगा, पंख उघडतील एवढंच. कोंबडीला घाबरवायचं नाही. तिच्या रोजच्या हालचालीच पुरेशा असतात.

नंतरची पायरी म्हणजे तुमचं नसणं. तेही शिकवावं लागतं, आणि फार थोडे लोक शिकवतात. कोंबड्या पक्क्या जाळीत, कुत्र्याची लांब दोरी भक्कम खुंटीला, जाळीपासून पुरेशा अंतरावर. चटईवर बसवा, पाठ फिरवा, एक पाऊल जा, परत येऊन खाऊ द्या. मग दोन पावलं. मग दाराआड दोन सेकंद. मग खिडकीतून बघा, किंवा फोनचा कॅमेरा लावून ठेवा. आपण नसताना तो नजर रोखून उभा राहतो का, हे त्या चित्रणातच कळेल. आपण समोर असताना कधीच कळणार नाही. या पायरीचा हेतू त्याला कोंबड्यांसोबत एकटं सोडणं हा नाही. माणूस गेला म्हणजे संधी आली, ही त्याच्या मनातली जोडी तोडणं एवढाच आहे.

जाळी मध्ये नसताना पहिल्यांदा भेट घडवाल ती दुपारच्या निवांत वेळी, कोंबड्या सावलीत बसलेल्या किंवा धुळीत लोळत असताना, कुत्रा फिरून दमलेला असताना. सकाळी खुराडं उघडण्याची वेळ कटाक्षाने टाळा. रात्रभर कोंडलेल्या कोंबड्या पंख फडकवत एका झोतात बाहेर पडतात आणि कुत्राही तेव्हा ताजातवाना असतो. पुष्कळ अपघात त्या दोन मिनिटांतच होतात. कुत्रा घरात बंद असल्याची खात्री करूनच खुराड्याची कडी काढायची, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, पाठ असावा.

तोंडाला मुसकं घालायचं असेल तर पिंजऱ्यासारखं घ्या, ज्यात त्याला धापता आणि पाणी पिता येतं, आणि आत खाऊ ठेवून आधी त्याची सवय करा. मुसकं चावा अडवतं. पंजाचा फटका आणि पाठलाग अडवत नाही. मुसकं घातलेल्या कुत्र्याने कोंबडी पळवली तरी त्याचं बक्षीस त्याला मिळालंच.

कित्येक महिने ठीक होता, मग अचानक

याची कारणं शोधली तर सापडतात. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचं अडनिडं वय. लहानपणी कोंबड्यांमध्ये लोळलेलं पिल्लू या वयात पहिल्यांदा खरा पाठलाग करतं. तीन ते साधारण चौदा आठवडे या वयात पिल्लाला जे रोज दिसतं ते त्याला आपलंसं वाटतं, त्यामुळे लहानपणची ओळख मोलाचीच. पण वाढीच्या वयातली देखरेख त्याने वाचत नाही.

दुसरं कारण म्हणजे कळपातला बदल. नव्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या, पिल्लं निघाली, खुडूक कोंबडी पिसं फुलवून अंगावर आली, एखादी आजारी कोंबडी लटपटत चालू लागली. जुन्या दहा कोंबड्यांना सरावलेला कुत्रा अकराव्या अनोळखी कोंबडीला कोंबड्यांच्या हिशोबात धरेलच असं नाही. पिल्लांची बारीक चिवचिव तर अनेक शांत कुत्र्यांनाही खेचते. कळपात नवं काही आलं की काही दिवस मागच्या पायरीवर जा: जाळी, दोरी, लांबून ओळख.

तिसरं कारण दुसरा कुत्रा. एकेकटे शहाणे असलेले दोन कुत्रे एकत्र आले की एकाच्या पळण्याने दुसरा उसळतो. प्रत्येकाला वेगळं शिकवा, आणि दोघांना एकत्र तर कोंबड्यांसोबत कधीच मोकळं सोडू नका. पाहुण्यांबरोबर आलेल्या कुत्र्यालाही हाच नियम.

तरुण कुत्रा बऱ्याचदा खेळता खेळताच मारतो. राग नसतो, भूक नसते. खेळायला बोलवावं तसं तो पुढचे पाय टेकून कंबर उंच करतो, पंजा मारतो, मान तोंडात धरतो. कोंबडी निपचित पडली की गोंधळून तिला नाकाने ढोसतो. त्याचा भाव खेळाचा होता म्हणून कोंबडी वाचत नाही.

राखणीचे कुत्रेही यातून सुटलेले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल आयलंड या छोट्या बेटावर कोल्ह्यांनी 'लिटल पेंग्विन' या छोट्या जातीचे पेंग्विन जवळजवळ संपवले होते. २००६ पासून तिथे मारेमा कुत्रे राखणीला ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. ही कल्पना आली ती आपल्या कोंबड्या राखायला मारेमा ठेवणाऱ्या एका शेतकऱ्याकडून. पण असा कुत्राही जन्मतः तयार नसतो. दोन वर्षांचा होईपर्यंत तोही कोंबडीला खेळणं समजू शकतो, आणि तोवर त्याच्यावरही नजर लागते.

कधी कुत्रा शांत असतो आणि कोंबड्याच बिथरलेल्या असतात. मग शिकवणी दोघांची. कोंबड्यांना उंच बसायला दांड्या, खाली शिरायला झुडपं किंवा फळीचा आडोसा द्या, आणि त्यांचे दाणे हळूहळू कुत्र्याच्या बाजूच्या जाळीजवळ टाकायला लागा. त्या पळायच्या थांबल्या की कुत्र्याचं अर्धं काम सोपं होतं. अंडी चोरणं हा मात्र वेगळा प्रश्न आहे. अंडी लवकर गोळा करा आणि खुराड्याचं दार कुत्र्याचं डोकं आत जाणार नाही इतकं लहान ठेवा.

हे करू नका

मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, हा जुना सल्ला अजूनही दिला जातो. कृपा करून तो मानू नका. कुत्रा शिक्षेचा संबंध काही क्षणांपूर्वीच्या कृतीशी जोडतो, काही तासांपूर्वीच्या नाही. सडणारं मढं दिवसभर गळ्यात वागवण्यातून त्याला फक्त यातना आणि रोगाचा धोका मिळतो.

घटना होऊन गेल्यावर ओरडणंही तसंच. 'त्याला कळतं, बघा कसा चेहरा करतो' असं लोक म्हणतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे तपासलं होतं: कुत्र्यांचा अपराधी वाटणारा चेहरा त्यांनी चूक केली होती की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. तो चेहरा म्हणजे तुमच्या रागाला दिलेलं उत्तर आहे.

विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बेकायदा आहेत, आणि या कामासाठी मी त्यांच्या पूर्ण विरोधात आहे. झटका नेमका कशामुळे बसला हे कुत्रा स्वतः ठरवतो. कोंबडीमुळे बसला असं वाटलं तर तो तिला घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. तुम्ही बोलावलंत म्हणून बसला असं वाटलं तर तुमच्याकडे यायचं थांबतो. आणि पट्टा गळ्यात नसताना त्याचा दुसरा नियम चालू होतोच.

'एकदा कोंबड्याने टोचलं की शिकेल' हाही भरवशाचा मार्ग नाही. डोळ्याला इजा होऊ शकते, आणि चिडखोर कुत्रा उलट अंगावर जातो.

आरोग्याचं थोडक्यात

कोंबड्यांची विष्ठा कुत्रे आवडीने खातात. तिच्यात साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि कुत्र्यामार्फत ते घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात. त्याहून गंभीर गोष्ट खाद्याची: रक्ती हगवण टाळण्यासाठी कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, लासालोसिड यांसारखी औषधं मिसळलेली असतात आणि ती कुत्र्याला विषारी असतात. मागचे पाय लुळे पडणं, उभं राहता न येणं ही लक्षणं दिसली आणि कुत्र्याने खाद्य खाल्ल्याचा संशय असेल तर वाट न बघता पशुवैद्यांकडे न्या, खाद्याची पिशवी सोबत घेऊन. खुराड्याभोवती उंदरांसाठी ठेवलेलं विष कुत्र्यालाही मारतं. आपोआप मेलेला पक्षी कुत्र्याला खाऊ देऊ नका, हुंगूही देऊ नका.

जमत नसेल तर

काही कुत्र्यांना हे कधीच जमत नाही. कितीही लांबून सुरुवात केली तरी तोंड मिटून नजर रोखतात, खाऊ नाकारतात, आठवड्यांमागून आठवडे त्यांचं अंतर कमी होत नाही. अशा कुत्र्याच्या बाबतीत मी आणखी ताणत नाही. पक्कं कुंपण, आलटून पालटून मोकळं सोडण्याच्या वेळा, आणि कुत्र्याला हुंगण्या-शोधण्याचं भरपूर काम, अशी कायमची व्यवस्था लावणं हाच त्याच्यावर आणि कोंबड्यांवर दाखवलेला खरा जिव्हाळा आहे. एका घरात राहायला दोघांनी एका अंगणात असायलाच हवं असं नाही. आणि शिकलेल्या, वर्षानुवर्षं शांत असलेल्या कुत्र्यालाही कोंबड्यांसोबत कोणी घरी नसताना ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे.

दरम्यान कोंबडी कुत्र्याच्या तोंडातून सुटली असेल, तर ती चालते आहे म्हणून तिला कळपात सोडू नका. दातांच्या जखमा बारीक आणि खोल असतात, पिसांखाली दिसत नाहीत. पाठ, मांड्या आणि पंखांखालची पिसं बाजूला करून इंच इंच बघा. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, कोंबडीला खोक्यात, अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवा, पाणी जवळ ठेवा. कुत्र्याच्या लाळेतले जंतू जखमेत आतवर जातात आणि वरून बरी दिसणारी कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगावू शकते, म्हणून प्रतिजैविकासाठी पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवलेलं चांगलं. माश्या बसणार नाहीत याची काळजी घ्या. उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या होतात. जखम पूर्ण सुकून खपली पडेपर्यंत तिला वेगळंच ठेवा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात.